फ्यूजर फार तापायलाय, मशीन मधेच थांबायलंय, पावसाळ्यात तर जास्तच (खानापूर)

खानापूर_झेरॉक्स

नमस्कार मंडळी. खानापुरात बसस्टँडजवळ माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्जांचं दुकान आहे. ए-३ चं मोठं लेझर मशीन आहे, बाहेरून आलेलं सेकंडहँड, प्रिंट-कॉपी-स्कॅन तिन्ही करतं. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण असला त्रास कुठल्याही कंपनीच्या मशीनला होऊ शकतो असं मला वाटतं.

सकाळी चालू केलं की मशीन व्यवस्थित चालतं. उतारे, जात-उत्पन्नाचे दाखले, आधारच्या झेरॉक्स, काही अडचण नाही. पण शाळेच्या फी पावत्यांचा गठ्ठा काढायला घेतला की थोड्याच वेळात स्क्रीनवर फ्यूजरचं, म्हणजे शाईची पूड तापवून कागदावर बसवणाऱ्या भागाचं, तापमान वाढल्याचा एरर येतो आणि मशीन जागेवर थांबतं. बंद करून चालू केलं तरी एरर जात नाही. बेळगावहून मेकॅनिक येतो, कसलीतरी बटणं दाबून एरर काढून जातो, आणि पुढचा गठ्ठा आला की परत तेच.

अजून दोन गोष्टी दिसायलेत. एक, कागद केळीच्या पानासारखा गुंडाळून बाहेर येतो आणि हाताला चांगलाच चटका बसतो. दुसरं, मजकुराची पुसट सावली त्याच पानावर थोडी खाली परत उमटते. उदाहरणार्थ वर "पावती" हा शब्द असेल तर काही बोटं खाली तोच शब्द धुरकट दिसतो.

मेकॅनिकचं म्हणणं, अख्खं फ्यूजर युनिट बदला. शाळा आत्ता सुरू झाल्यात, कामाचे दिवस आहेत. बदलायचंच असेल तर बदलतो, पण खरंच तेच कारण आहे का हे कळल्याशिवाय पैसे घालायची इच्छा नाही. जाणकारांनी सांगा की.

टिळकवाडी_सर्व्हिस

युनिटची ऑर्डर दिली नसेल तर थांबा. फ्यूजर तापतो म्हणजे फ्यूजर खराब, हे समीकरण दहातल्या बऱ्याच वेळा चुकीचं निघतं. फ्यूजर स्वतःहून तापत नाही. त्याला कोणीतरी "अजून तापव" म्हणून सांगत असतं. ते सांगणारं कोण, ते आधी शोधू.

थोडी माहिती द्या:

फ्यूजरमध्ये आत काचेची लांब नळी दिसते का, म्हणजे हॅलोजन लॅम्प? की पातळ तपकिरी फिल्म आहे?

पावत्यांचा कागद कुठल्या मापाचा, आणि मशीनमध्ये उभा घालता की आडवा?

ट्रेच्या सेटिंगमध्ये कागदाचा प्रकार काय ठेवलाय? साधा, की जाड?

फ्यूजरला साफ करणारं कापडाचं रोल, म्हणजे वेब, आहे का? असेल तर शेवटचं कधी बदललंय?

लाईट गेल्यावर मशीन कशावर चालवता?

आणि त्या पुसट सावलीबद्दल. तिला हॉट ऑफसेट म्हणतात. रोलर गरजेपेक्षा जास्त तापला की टोनर, म्हणजे शाईची पूड, नुसता वितळून कागदाला धरत नाही, तो पातळ होऊन थोडा रोलरलाही चिकटतो आणि रोलरचा एक फेरा झाला की खाली परत उमटतो. म्हणजे एरर खोटा नाही. रोलर खरोखरच जास्त तापतोय. सेन्सर उगीच ओरडत नाहीये, हे एक नक्की झालं. सावली ते मूळ शब्द हे अंतर पट्टीनं मोजा आणि रोलरच्या घेराशी ताडून बघा, जुळलं पाहिजे.

सीमाभाग_९

एवढं कशाला? फ्यूजरवर एक छोटा थर्मोस्टॅट असतो, दोन वायरी असलेला. त्या दोन वायरी एकमेकांना जोडून टाका. आमच्या इथं एकानं तसंच केलंय, मस्त चाललंय.

गडहिंग्लज_इलेक्ट्रॉनिक्स

नको ओ, हे कुणीही करू नका. हा सल्ला इथून काढून टाकावा असं मी संपादकांना कळवलंय, पण तोवर कुणी वाचून करायला नको म्हणून लिहितो.

फ्यूजरमध्ये तापमानावर नजर ठेवणारे दोन वेगळे पहारेकरी असतात. थर्मिस्टर दर क्षणाला तापमान मोजून बोर्डाला कळवतो, बोर्ड त्यावरून हीटर चालू-बंद करतो. थर्मोस्टॅट किंवा थर्मल फ्यूज यातलं काहीच करत नाही. तो हीटरच्या वायरीत मधेच बसलेला असतो आणि बाकी सगळं फसलं तर वीजच तोडतो. बोर्ड जळू दे, प्रोग्रॅम अडकू दे, त्याला फरक पडत नाही. ती शेवटची कडी आहे.

टोनर वितळवायला रोलर साधारण १८० ते २०० अंशांवर चालतो. कागद पेट घेतो तो २३० अंशांच्या पुढे कुठेतरी. मधली जागा फार नाही. आत अडकलेला एक कागद, शॉर्ट केलेला थर्मोस्टॅट आणि वरच्या मजल्यावर झोपलेलं घर, याचा विचार करा. आपल्याकडची अर्धी झेरॉक्स दुकानं घराच्या खालच्या गाळ्यात आहेत आणि चारी बाजूंनी कागदाच्या रिमा रचलेल्या असतात.

शिवाय खानापूरच्या दादांना तर त्याचा उपयोगही नाही. त्यांचा थर्मोस्टॅट उडालेलाच नाही. उडाला असता तर मशीन सकाळी गरमच झालं नसतं.

थर्मोस्टॅट खरंच उडाला असेल तर त्याच मापाचा, त्याच्या अंगावर छापलेल्या त्याच तापमानाचा टाकायचा. भाताच्या कुकरमधला बसतोय म्हणून टाकायचा नाही.

खानापूर_झेरॉक्स

शॉर्ट वगैरे करणार नाही, निर्धास्त राहा. वरती आईवडील राहतात.

टिळकवाडी सर, उत्तरं देतो.

काचेची नळी आहे. एक नव्हे, दोन आहेत.

पावत्या ए-५, बायपासमधून, म्हणजे बाजूच्या हातानं कागद घालायच्या ट्रेमधून, उभ्या घालतो. शाळा कापलेला कागद स्वतःच देते.

कागदाचा प्रकार आत्ता बघितला, बायपासला "जाड २" ठेवलेला आहे. दुकानातल्या पोरानं जूनमध्ये ठेवलाय. पाऊस लागल्यापासून अक्षरं बोटानं घासली की निघत होती, जाड केल्यावर निघायची थांबली, म्हणून ते तसंच राहिलं.

वेब आहे. मशीन घेतल्यापासून बदललेलं नाही.

लाईट गेली की मशीन बंदच ठेवतो, इन्व्हर्टरवर फक्त कॉम्प्युटर आणि दिवे.

टिळकवाडी_सर्व्हिस

तुमच्या उत्तरात सगळं आलं. सावकाश वाचा, कारण इथं एक नव्हे, तीन गोष्टी एकमेकींच्या खांद्यावर उभ्या आहेत.

पहिली, पाऊस. खानापूर तालुक्यातला पाऊस मी सांगायला नको, जांबोटी-कणकुंबी बाजूला तर भिंतीसुद्धा ओल्या होतात. झेरॉक्सच्या कागदात एरवी साधारण चार-पाच टक्के ओल असते. उघडी रिम चार दिवस दुकानात राहिली की ती वाढते. असा कागद फ्यूजरमध्ये गेला की रोलरची उष्णता आधी त्यातल्या पाण्याची वाफ करण्यात खर्ची पडते. टोनरला पुरेशी पोचत नाही, अक्षर घासलं की निघतं. म्हणून पोरानं "जाड" केलं. जाड कागद सांगितला की मशीन रोलरचं तापमान वाढवतं किंवा कागद हळू नेतं, काही मशीन दोन्ही करतात. अक्षर बसलं, पण मूळ दुखणं ओल्या कागदाचं होतं आणि औषध फ्यूजरला दिलं गेलं.

दुसरी, पावतीचं माप. तुमच्या मशीनचा हीट रोलर ए-३ साठी आहे, म्हणजे ए-४ आडवा गेला की २९७ मिलिमीटर रुंदीचा कागद त्याच्यावरून जातो. ए-५ उभा घातला की रुंदी फक्त १४८. म्हणजे दोन्ही बाजूंना साधारण ७५-७५ मिलिमीटर रोलर उघडाच फिरतो. मधला भाग कागदाला उष्णता देऊन थंड होतो, मधला थर्मिस्टर म्हणतो "थंड झालं, तापव". लॅम्प पेटतो. पण कडेची उष्णता घेऊन जायला तिथं कागदच नाही. कडा तापत जातात. तुमच्यात दोन लॅम्प आहेत, एक मधल्या भागाला जास्त आणि एक कडांना जास्त उष्णता देणारा असतो, त्यामुळे मशीन थोडं सांभाळून घेतं. पण सलग गठ्ठा असेल तर तेही पुरत नाही. चांगलं मशीन अशा वेळी स्वतःहून वेग कमी करतं, मधे मधे थांबतं. ते पोटभर थांबत नसेल तर कडेचा थर्मिस्टर एरर देतो. तुमचा एरर पावत्यांच्या गठ्ठ्यालाच का येतो, उताऱ्यांना का येत नाही, त्याचं कारण हे.

तिसरी आणि मला जिची सगळ्यात जास्त शंका आहे ती, वेब. लॅम्पवाल्या फ्यूजरमध्ये मधला थर्मिस्टर बऱ्याच मशीनमध्ये रोलरच्या पृष्ठभागाला टेकलेला असतो. वेबचं काम रोलरवरचा उरलेला टोनर टिपून घेणं. ते संपलं की टोनर आणि कागदाची धूळ थर्मिस्टरच्या तोंडाशी साचते, भाजून तिचं कडक कवच होतं. मग थर्मिस्टर आणि रोलर यांच्यात एक पांघरूण आलं. रोलर २१० ला असेल, थर्मिस्टरला १९० वाटतं. तो प्रामाणिकपणे चुकीचं सांगतो आणि बोर्ड प्रामाणिकपणे अजून तापवतो.

तुमच्या मेकॅनिकला एकच विनंती करा. सर्व्हिस मोडमध्ये फ्यूजरच्या मधल्या आणि कडेच्या थर्मिस्टरचं तापमान दिसतं. साधा ए-४ आडवा चालू असताना दोन्ही आकडे लिहून घ्या, मग पावत्या चालू असताना घ्या. ए-४ लाच कडेचा आकडा मधल्यापेक्षा बराच वर दिसला तर मधला थर्मिस्टर झोपलाय असं समजा.

चिकोडी_सेवाकेंद्र

मधेच विचारते, माफ करा. माझ्याकडे छोटा ए-४ लेझर आहे, चिकोडीजवळच्या गावात. लाईट असताना दिवसभर चालतो. लाईट गेली आणि इन्व्हर्टरवर आला की कधी फ्यूजरचा एरर, कधी नुसताच "गरम होत आहे" म्हणून बसून राहतो. इन्व्हर्टर यूपीएस मोडवर ठेवून बघितला, फरक नाही. हा पण वेबचाच प्रकार का?

गडहिंग्लज_इलेक्ट्रॉनिक्स

नाही ताई, तुमचं दुखणं वेगळं आहे. छोट्या मशीनमध्ये सहसा वेब नसतं, बऱ्याच जणांत लॅम्पही नसतो. सिरॅमिकची पट्टी आणि तिच्यावरून फिरणारी पातळ फिल्म असते, थर्मिस्टर पट्टीच्या मागे आत बसलेला असतो, त्याला टोनर लागत नाही.

तुमचा संशयित इन्व्हर्टर आहे. घरगुती स्वस्त इन्व्हर्टर बहुतेक चौकोनी लहरीचा असतो. आपल्या लाईनची वीज गोलाईनं चढते-उतरते आणि प्रत्येक वेळी शून्यावरून जाते. फ्यूजरचा हीटर ज्या ट्रायॅकनं चालू-बंद होतो, त्याला बोर्ड त्या शून्याच्या क्षणावरून हिशेब करून इशारा देतो. चौकोनी लहरीत तो शून्याचा क्षण बोर्डाला नीट सापडत नाही. मग हीटरला कधी जास्त वीज जाते, कधी कमी, कधी बोर्ड सरळ एरर देऊन मोकळा होतो.

यूपीएस मोडचं बटण लहर बदलत नाही. ते फक्त किती व्होल्टेजला बॅटरीवर जायचं आणि किती पटकन जायचं एवढंच ठरवतं. प्युअर साइन वेव्ह असं लिहिलेला इन्व्हर्टर असेल तर हा त्रास नसतो, पण तिथंही क्षमता बघावी लागते. छोट्या लेझरचा हीटरसुद्धा पेटतो त्या क्षणी ८००-१००० वॅट खेचतो. कॉम्प्युटरच्या छोट्या यूपीएसवर लेझर लावूच नये, बहुतेक कंपन्यांच्या पुस्तिकेतही तसं लिहिलेलं असतं.

लाईट नसताना तातडीचं एखादं पान हवं असेल तर साधा इंकटँक प्रिंटर इन्व्हर्टरवर ठेवा, त्याला फ्यूजरचा हीटर नसतो. लेझर लाईनवरच.

चिकोडी_सेवाकेंद्र

समजलं. इन्व्हर्टरवर "साइन वेव्ह" असं कुठंच लिहिलेलं नाही. आमच्याकडं रात्री शेतातल्या मोटारी बंद झाल्या की व्होल्टेज खूप चढतं, बल्ब लख्ख होतात. त्यानं पण फ्यूजर तापतो का?

गडहिंग्लज_इलेक्ट्रॉनिक्स

थेट नाही, पण भर पडते. हीटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे वाढते. २२० व्होल्टला जो हीटर १०० मापं उष्णता देतो तो २५० ला जवळपास १२९ देतो. थर्मिस्टर ठीक असेल तर बोर्ड त्याला लवकर बंद करतो, म्हणून रोज एरर येत नाही. पण चालू होताना तापमान ठरल्यापेक्षा पुढे उसळी मारतं. मोठ्या मशीनमध्ये थर्मिस्टर मळलेला असेल तर ती उसळी त्याला उशिरा कळते. आपल्याकडे ठरलेलं व्होल्टेज २३० आहे, दहा टक्के खाली-वर धरतात, म्हणजे २५३ पर्यंत. मल्टिमीटर लावून रात्री एकदा बघा. त्याच्या वर जात असेल तर लाईनमनला सांगा आणि हीटरचा भार पेलेल असा स्टॅबिलायझर लावा. टीव्हीचा नव्हे.

मास्तर_नंदगड

मी दुकानदार नाही, शिक्षक आहे. शाळेत परीक्षेच्या प्रश्नपत्रिका आम्हीच छापतो, मराठी आणि कन्नड दोन्ही, त्यामुळे कागदाच्या ओलीशी जुनी ओळख आहे. कागदापुरतं सांगतो.

रिम फोडली की उरलेली तिच्याच वेष्टणात गुंडाळून ठेवायची. ते वेष्टण आतून मेणकट असतं ते उगीच नाही. ट्रेमध्ये त्या दिवशी लागतील तेवढेच कागद भरायचे, रात्री ट्रे भरलेला सोडायचा नाही. रिमा जमिनीवर किंवा बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवायच्या नाहीत. नंदगडला पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीला हात लावला तर ओल लागते, तिथं कागदाचं काय होत असेल.

आम्ही एका लोखंडी कपाटात खाली जुन्या पद्धतीचा ४० वॅटचा बल्ब लावून वर जाळीवर रिमा ठेवतो. बल्ब आणि कागद यांच्यात वीतभर अंतर, कपाटाला वरून हवा जायला भोकं. एलईडी बल्ब चालत नाही, तो पुरेशी उष्णता देत नाही. ओल ओळखायची सोपी रीत: नवीन सीलबंद रिममधला एक कागद आणि ट्रेमधला एक कागद दोन्ही हातात धरून फडकवा. कोरडा कडक फड्फड् वाजतो, ओला ओल्या रुमालासारखा मऊ आवाज करतो. एकदा कान तयार झाला की चुकत नाही.

आणि बाहेर येणाऱ्या कागदातून पांढरं काहीतरी निघतं, लोक धूर समजून घाबरतात. वास नसेल आणि हात धरला तर दमट लागत असेल तर ती वाफ आहे. जळका वास आला तर मात्र प्लग काढायचा, तिथं बघत बसायचं नाही.

टिळकवाडी_सर्व्हिस

मास्तर, हे छापून दुकानात लावण्यासारखं आहे. एक भर घालतो. मोठ्या ए-३ मशीनमध्ये ट्रेच्या खाली ओल घालवायचा छोटा हीटर बसवायची सोय बऱ्याचदा असते. तो बसवलेला असेल तर मशीनच्या मागे किंवा आत कुठेतरी त्याचं वेगळं बटण असतं, आणि ते बहुतेक ठिकाणी कायम बंद असतं, कारण कुणी सांगितलेलंच नसतं. खानापूरचे दादा, तुमच्यात आहे का बघा.

खानापूर_झेरॉक्स

काल मेकॅनिक आला होता, सर्व्हिस मोडमधले आकडे घेतले. ए-४ आडवा, साधा कागद: मधला १९२, कडेचा २०७. पावत्या उभ्या, जाड २: मधला १९८, कडेचा २२९ आणि लगेच एरर.

सावलीचं अंतरही मोजलं. रोलरचा घेर दोऱ्यानं काढला, बरोबर जुळतं.

ट्रे हीटरचं बटण आहे! पुढचं झाकण उघडलं की डावीकडे आत. बंद होतं, आता चालू केलंय.

अजून एक. मागच्या भिंतीतून पाणी झिरपतं म्हणून मशीनच्या मागच्या अंगाला प्लास्टिक टाकलेलं होतं, त्यानं मागचा पंखा अर्धा झाकला जात होता. ते काढलं.

टिळकवाडी_सर्व्हिस

आकडे बोलतात. साध्या ए-४ आडव्याला, जिथं कागद रोलरची पूर्ण रुंदी व्यापतो, तिथंसुद्धा कडेचा आकडा १५ अंश वर. तिथं एवढा फरक पडायला नको. मधला थर्मिस्टर कमी सांगतोय.

पंख्याबद्दल: एकट्या पंख्यानं हा एरर सहसा येत नाही, कारण रोलर थंड करणं हे त्याचं मुख्य काम नाही, मशीनच्या पोटातली उष्णता बाहेर काढणं हे आहे. पण कडा तापलेल्या असताना ती उष्णता आतच कोंडली तर भर पडते, आणि टोनरच्या डब्यात गुठळ्या होतात तो वेगळा त्रास. काढलंत ते उत्तम. भिंतीपासून वीतभर तरी पुढे ओढून ठेवा.

आता फ्यूजर उघडायचा. हे मेकॅनिकच्या हातूनच करा, पण शेजारी उभं राहून बघा.

मशीन बंद, प्लग भिंतीतून बाहेर, आणि निदान पाऊण तास थांबायचं. बाहेरून गार वाटलं तरी आतला रोलर जाड नळीचा असतो, उष्णता धरून ठेवतो. युनिट बाहेर काढल्यावर वेबचं रोल बघा. न वापरलेला भाग पांढरा असतो, वापरलेला तपकिरी-काळा. सगळंच काळं असेल तर संपलं. काही वेळा जुनं रोल उलटं गुंडाळून परत बसवलेलं मिळतं, सेकंडहँडमध्ये मी पाहिलेलं आहे. दोन्ही बाजू काळ्या दिसल्या तर तोच प्रकार.

थर्मिस्टर म्हणजे एका पातळ पत्र्याच्या पट्टीच्या टोकाला स्पंजचा छोटा तुकडा आणि त्यावर पिवळट पारदर्शक टेपनं झाकलेला मोहरीएवढा मणी. त्या टेपवर टोनरचं काळं कवच दिसेल. ब्लेडनं खरवडायचं नाही. टेप फाटली की मणी गेला आणि रोलरवर ओरखडाही पडतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या काडीवर घेऊन मऊ करायचं, थांबायचं, पुसायचं, परत. पेट्रोल-थिनर जवळ आणायचं नाही. पुसल्यावर टेप भाजून कडक झालेली दिसली किंवा स्पंज चपटा होऊन मणी रोलरला टेकतच नसेल तर थर्मिस्टर नवा टाका. त्याची किंमत पूर्ण युनिटच्या मानानं किरकोळ असते.

लॅम्पला उघड्या बोटांनी हात लावायचा नाही. बोटाचं तेल काचेवर राहिलं की तिथं काच जास्त तापून तडकते. लागलाच तर अल्कोहोलनं पुसून कोरडा करायचा.

रोलर उजेडात फिरवून बघा. पिकर म्हणजे कागद सोडवणारी ती नखं जिथं टेकतात तिथं वरचा लेप गेलेला असेल, चांदीसारखी रेघ दिसेल, तर रोलर बदलायला आलाय. नुसता डाग असेल तर पुसून जातो.

गडहिंग्लज_इलेक्ट्रॉनिक्स

उघडताय तर मल्टिमीटरनं एवढं बघून घ्या. थर्मिस्टरचे दोन पिन: खोलीच्या तापमानाला रेझिस्टन्स बराच मोठा, अनेक मशीनमध्ये शेकडो किलोओहम येतो. नेमका आकडा मॉडेलप्रमाणे वेगळा, म्हणून आकड्यापेक्षा वागणूक बघा. मणी दोन बोटांत हलका धरा, उबेनं रेझिस्टन्स सावकाश सलग खाली यायला हवा. मधेच उडी मारला तर आत तुटतोय.

लॅम्प थंड असताना काही मोजकेच ओहम दाखवेल. ८०० वॅटचा लॅम्प पेटलेला असताना ६० ओहमच्या आसपास असतो, पण थंड तारेचा रेझिस्टन्स त्याच्या दहाव्या हिश्श्यापर्यंत खाली असतो. पाच ओहम दिसले म्हणून शॉर्ट समजू नका.

थर्मिस्टर साफ करूनही तापमान चढतच राहिलं तर ट्रायॅक. तो शॉर्ट झाला की बोर्डानं "बंद" म्हटलं तरी लॅम्प पेटलेलाच राहतो. बोर्ड काढून ट्रायॅकच्या दोन मुख्य पायांमध्ये मोजा, शून्याजवळ दाखवला तर गेला. बहुतेक मशीनमध्ये ट्रायॅकबरोबर एक रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, पण असतो, एरर आला की तोच लॅम्पची वीज तोडतो. म्हणून ट्रायॅक गेलेलं मशीनही लगेच पेटत नाही. पण तो भाग लाईनच्या विजेचा आहे, सवय नसलेल्यानं हात घालू नये.

निपाणी_प्रिंट

हा एरर वेगवेगळ्या मशीनवर कसा दिसतो ते शोधणाऱ्यांसाठी लिहून ठेवतो. कॅननच्या मोठ्या मशीनवर ई००१, रिकोवर एससी५४३, क्योसेरावर सी६०२०, एचपीच्या लेझरजेटवर ५०.३. कॅननचा ई००० आणि एचपीचा ५०.१ याच्या उलट, म्हणजे फ्यूजर पुरेसा तापतच नाही. दोन्हींत गल्लत करून लोक चुकीचा पार्ट आणतात.

खानापूरच्या दादांना एक विचारायचं होतं. एरर स्वतः काढायची पद्धत मेकॅनिककडून शिकून घेतली का? म्हणजे दर वेळी बेळगावहून बोलवायला नको.

टिळकवाडी_सर्व्हिस

ती पद्धत इथं कुणी लिहू नये अशी माझी विनंती आहे. बंद-चालू करून एरर जात नाही ही अडचण नाही, ती कंपनीनं मुद्दाम घातलेली आडकाठी आहे. माणसानं येऊन कारण बघावं आणि मगच मशीन चालू व्हावं म्हणून. नुसता एरर काढत राहिलं तर रोलर, नखं, प्रेशर रोलरचं रबर सगळं भाजत जातं आणि शेवटी खरोखरच पूर्ण युनिट बदलायची वेळ येते.

खानापूर_झेरॉक्स

आज उघडलं. वेब पूर्ण काळं, दोन्ही बाजूंनी. थर्मिस्टरवर अक्षरशः खपली धरलेली होती, सर म्हणाले तशीच. अल्कोहोलनं मऊ करून काढली, पण खालची टेप कडक होऊन चिरलेली निघाली, म्हणून नवा थर्मिस्टर आणि नवीन वेब, दोन्ही बेळगावातूनच मिळाले. पिकरच्या जागी डाग होते, पुसून गेले, लेप शाबूत आहे. मशीन बंद ठेवून ट्रायॅक मोजला, ठीक आहे.

नंतरचे आकडे: ए-४ आडवा साधा, मधला १८९, कडेचा १९१. सावली गेली. कागद सरळ यायलाय.

बायपास "साधा" वर आणलाय. दोन दिवस कपाटातला कागद वापरतोय, मास्तरांच्या पद्धतीनं बल्ब लावलाय, अक्षर घासून निघत नाही.

पावत्या उभ्याच घालून बघितल्या, कडेचा आकडा अजूनही २१२ पर्यंत चढतो, पण एरर न येता मशीन वेग कमी करतं. गठ्ठा मोठा असला की वेळ जातो. यावर काही उपाय?

टिळकवाडी_सर्व्हिस

छान काम झालं. मेकॅनिकला माझा नमस्कार सांगा, माणूस शिकायला तयार आहे.

पावत्यांचं: ए-५ आडवा घाला, म्हणजे २१० ची बाजू पुढे करून. उघडी जागा एकदम कमी होते. मार्गदर्शक पट्ट्या कागदाला लावून घ्या आणि सेटिंगमध्येही दिशा बदला, नाहीतर मजकूर कापला जाईल. त्याहून चांगलं म्हणजे शाळेला सांगा, कापलेला कागद देऊ नका, पूर्ण ए-४ द्या. दोन पावत्या एका पानावर टाकून आडव्या छापा, मग कटरवर कापा. रोलर पूर्ण व्यापला जातो आणि पावत्या दुप्पट वेगानं निघतात. पाकिटं, छोट्या पत्रिका, लग्नसराईतली जाड कार्डं असली अरुंद कामं दिवसाच्या शेवटी घ्या. अरुंद कामानंतर लगेच रुंद कागद घालू नका, तापलेल्या कडांवर तो गुंडाळला जातो.

खानापूर_झेरॉक्स

मुख्याध्यापकांशी बोललो, पुढच्या वेळेपासून ए-४ देतो म्हणालेत. नवीन वेब टाकल्यावर मशीनमध्ये आणखी काही करावं लागतं का? मेकॅनिक घाईत गेला.

टिळकवाडी_सर्व्हिस

होय, वेबचा काउंटर शून्यावर आणावा लागतो. मशीन वेब किती सरकलं हे स्वतः मोजत नाही, किती पानं झाली त्यावरून धरतं. काउंटर जुनाच राहिला तर नवीन रोल असूनही "वेब संपलं" दाखवून थांबेल. उलटही होतं: वेब न बदलता कुणी काउंटर तेवढा शून्य केला तर मशीनला वाटतं नवीन आहे, आणि थर्मिस्टरवर परत खपली धरते. तुमच्या मशीनला विकण्याआधी बहुधा तेच झालेलं असावं. मेकॅनिकला फोन करून काउंटर बदलून घ्या, आणि आजची तारीख व पानांचा आकडा फ्यूजरच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करनं लिहून ठेवा. पुढचा माणूस कुणीही आला तरी त्याला कळेल.